निसीम मिस्त्रीची नोंद

महिपतीने 'तेलवाल्या मामी' हे दोन शब्द निवडले, खुणेची चौकट उघडली आणि लॅपटॉपवरून मान वर करून विचारलं,

"ह्या कोण?"

रेचलबाई मोड आलेले वाल सोलत होत्या. दाणा चिमटीत धरायचा, हलकेच दाबायचा, की तो सालातून निसटून पातेल्यातल्या पाण्यात पडायचा. हात न थांबवता त्या म्हणाल्या,

"मामी म्हंजे हन्नामामी. घाणा बंद पडला तरी लोक तेलवालीच म्हणायचे."

"आणि सत्तराव्या पानावरची मोठी मामी?"

"तीच."

"दातवाली?"

"तीपण तीच." रेचलबाई हसल्या. "सोन्याचा दात होता तिला. मायकल लहानपणी फार घाबरायचा. म्हणून तेवढ्या पानावर दातवाली."

महिपतीने चौकटीत 'हन्नामामी' असं टाइप करून खूण केली. मजकुरात 'तेलवाल्या मामी'च्या पुढे एक महिरपी कंस उमटला. कंसात हन्नामामीचं नाव. हा कंस पुस्तकात छापला जाणार नव्हता. तो नुसता संगणकासाठी होता. सगळ्या खुणा करून झाल्या की संगणक असे कंस शोधत पुस्तकभर फिरणार होता आणि कुठलं नाव कुठल्या पानावर आहे त्याची सूची शेवटी लावून देणार होता.

पुस्तक मायकलचं होतं. मायकल हा रेचलबाईंचा धाकटा भाऊ. पन्नास वर्षांपूर्वी आईबापांबरोबर रोह्याहून इस्राएलला गेला आणि अश्दोदच्या बंदरावर क्रेन चालवून म्हातारा झाला. मग त्याने रोहा-अष्टमीच्या यहुद्यांवर सातशे पानं लिहिली, मराठीत, स्वतः टाइप करून. छापायला पेणच्या एका छापखान्यात दिली. त्या छापखान्यात महिपतीने जन्मभर मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाला तरी असलं काम आलं की ते त्याच्याकडेच यायचं.

"सूची पायजेच," मायकल फोनवर म्हणाला होता. "माझ्या नातवंडांना सगळं पुस्तक वाचता यायचं नाय. पण पणजीचं नाव दिसलं तर तेवढं पान तरी कोणाकडून वाचून घेतील. पहिल्या प्रकरणातल्या खुणा मी करून दिल्यात, नमुना म्हणून. तशाच पुढं करा. कोण कोणाचा ते बायला विचारा."

बाय म्हणजे रेचलबाई. म्हणून महिपती दर रविवारी लॅपटॉप घेऊन पेणहून रोह्याला यायचा. शनिवारी शब्बाथ, त्या दिवशी त्यांना काम चालत नसे.

त्याने आडनावांवरून सूची लावून पाहिली होती. पण इथले निम्मे लोक अष्टमकर. सगळं गाव 'अ'मध्येच जाऊन बसलं. मग त्याने पहिल्या नावावरून लावायला घेतली. मायकलने लहानपणच्या प्रकरणांत प्रार्थनेच्या जागेला मशीद म्हटलं होतं, पुढे सिनेगॉग. महिपतीने 'मशीद, पाहा सिनेगॉग' अशी नोंद केली, तर रेचलबाई म्हणाल्या, उलट करा. आधी मशीदच होती. त्याने उलट केलं.

पडवीत दोन खांबांच्या मध्ये काथ्याची दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर ओलं लुगडं वाळत होतं. श्रावणाची हवा, काहीच वाळत नव्हतं. लुगड्याचा काठ महिपतीच्या डोक्याला लागत होता.

"दोरी थोडी वर घेऊ का?" तो उठत म्हणाला.

"ती हलायची नाय. आमच्या मिस्त्रीनं बांधलीय. त्याची गाठ सुटत नाय, कापावी लागते." रेचलबाईंनी सालं एका बाजूला केली. "तुम्हीच खुर्ची सरकवा."

महिपतीने खुर्ची सरकवली.

मिस्त्री म्हणजे निसीम, रेचलबाईंचा नवरा. भातगिरणीच्या इंजिनावर होता. जाऊन काही वर्षं झाली होती. महिपतीला हे सगळं ह्या पडवीत कळलं होतं, पुस्तकात नव्हे. पुस्तकात त्या काळच्या सगळ्या माणसांची नावं होती, पखाल्याचं होतं, टपालवाल्याचं होतं. निसीमचं नव्हतं. महिपतीने सुरुवातीलाच फोनवर विचारलं होतं, की तुमचे मेहुणे कुठे दिसले नाहीत, माझ्या नजरेतून सुटले का. मायकल म्हणाला, "तो पुस्तकात नाय." मग त्याने कागद किती जाड घेणार ते विचारलं.

त्याचं कारण रेचलबाईंनी एकदा दोन वाक्यांत सांगितलं होतं. सगळ्यांची तिकिटं आली तेव्हा निसीम म्हणाला, मी गिरणी सोडून यायचा नाय. मग त्याही राहिल्या. आई तिकडे वारली ती मुलीचं तोंड न बघता, आणि मायकलने ते निसीमच्या नावावर लावलं.

"पण तुम्हाला फोन करतात ना?" महिपतीने तेव्हा विचारलं होतं.

"दर शुक्रवारी. शब्बाथचे दिवे लावायच्या आधी. आजवर चुकला नाय. बीपीची गोळी घेतलीस का विचारतो. मिस्त्री गेला त्या आठवड्यातपण तेच विचारलंन."

*

घरी पेणला महिपती खिडकीपाशी काम करायचा. टेबलाच्या पलीकडे त्याच्या बायकोची, नूतनची खुर्ची होती. मागच्या भाद्रपदात ती गेली.

छापखान्याची मुद्रितं तो घरी आणायचा तेव्हा ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि तो मुद्रितावर पेन्सिल फिरवायचा. मुद्रितं अशीच तपासतात, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं. ती विरामचिन्हंही वाचायची. एक लाकडी पट्टी ओळीखाली धरायची आणि ओळ संपली की खाली सरकवायची. तिच्या आवाजात त्या घरात किती पुस्तकं वाचून झाली होती. पाककृती, शेतकी, संतांची चरित्रं, सहकारी संस्थांचे अहवाल. तिने सगळी एकाच चालीत वाचली.

आता तो एकटाच बघायचा आणि नजर ओळी गाळायची.

रेचलबाईंना त्याने हे सांगितलं तेव्हा त्यांना फार गंमत वाटली होती.

"स्वल्पविरामपण म्हणायच्या? जेवतानापण काय?"

"कधी कधी. मीठ स्वल्पविराम लोणचं स्वल्पविराम आण म्हणायचो मी."

"आणि तिचं नाव येत होतं काय पुस्तकात?"

"तपासणाऱ्याचं येत नाही. वाचणाऱ्याचं कुठून येणार?"



*

पुढच्या रविवारी तो सूचीची पहिली छापील प्रत घेऊन गेला. सगळ्या खुणा झाल्या होत्या. रेचलबाईंकडे पुस्तकाच्या पानांचा गठ्ठा आधीच दिलेला होता. त्यांनी चष्मा लावला, सूचीतलं एक नाव बघितलं आणि गठ्ठ्यातून पान काढलं.

"अष्टमीचा पूल, तीनशे बारा. इथं तर मेंदीची गाणी आलीत. पूल कुठाय?"

"असं कसं?"

"बिरड्याचा सण, चारशे चाळीस. इथं मायकलला कांजण्या झाल्यात."

महिपतीने चार-पाच नावं स्वतः ताडून पाहिली. एकही आकडा जुळत नव्हता. मागच्या पानांवरच्या गोष्टी सूचीने पुढे नेऊन ठेवल्या होत्या. पुस्तकात जितकं आत जावं तितकी चूक मोठी होत होती. त्याने छापखान्यात पानं लावणाऱ्या दिशाला फोन केला. रविवार असूनही तिने उचलला.

"काका, आकडे काढताना कंस दिसत होते का?"

"दिसत होते. दिसले नाहीत तर मला कळणार कसं?"

"मग बरोबर. कंस दिसायला लागले की जागा खातात. तेवढ्या ओळी वाढतात, पानं पुढे सरकतात. आधी लपवा, मग आकडे घ्या."

"पण लपवले तर सूची होईल का?"

"होईल हो. त्याला दिसावं लागत नाही, असावं लागतं."

त्याने लपवण्याचं बटण दाबलं. पडद्यावरची पानं थरथरली आणि एकदम आखडली. कंस नाहीसे झाले. लांबलेल्या ओळी वर सरकल्या, खालची वाक्यं वरच्या पानांवर जाऊन बसली, आणि पुस्तक आपल्या मूळच्या मापाला आलं. रेचलबाई त्याच्या खांद्यामागे उभ्या राहून बघत होत्या.

"म्हंजे ती नावं गेली?"

"गेली नाहीत. आहेत तिथेच. फक्त दिसत नाहीत."

त्याने सूची पुन्हा काढली. आता अष्टमीचा पूल त्याच्या पानावर होता आणि बिरड्याचा सण त्याच्या. रेचलबाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि पडद्यावरची सूची वाचू लागल्या. ओठ हलत होते. बऱ्याच वेळाने म्हणाल्या,

"बकरी, शेजारची."

"हो. चार ठिकाणी आली आहे."

"व्हय, ती पाव खायची आमचा." मग त्यांनी बोट वर नेलं. पडद्याला बोट न लावता त्या नावांवरून वर वर गेल्या आणि थांबल्या. "नारळी पुनव. निडी. मग एकदम पडाव."

महिपतीनेही त्या दोन नावांच्या मधल्या जागेकडे पाहिलं.

"बकरीला जागा हाय. माझ्या माणसाला नाय."

"बाई, सूचीत मला मनाने काही घालता येत नाही. पानावर असेल तेच."

"मी कुठं म्हणते पानावर घाला. त्याचं पुस्तक हाय, त्याला नको तर नको." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "पण मला एक सांगा. त्या पानावर हन्नामामी कुठं लिवलंय? दातवाली लिवलंय. तुम्हीच कंसात हन्नामामी टाकलंत ना?"

"टाकलं. कारण दातवाली म्हणजे त्याच."

"मग?"

त्या उठल्या, हात धुतले, कोरडे केले आणि पानांच्या गठ्ठ्यापाशी बसल्या. त्यांना शोधायला वेळ लागला नाही. पुराचं प्रकरण. कुंडलिकेचं पाणी अष्टमीत शिरलं ती रात्र. त्यांनी एका वाक्याखाली नख ओढलं आणि पान महिपतीपुढे धरलं.

*पाणी मशिदीच्या पायरीला लागलं तेव्हा सेफेर तोरा आधीच माडीवर नेऊन ठेवलेला होता.*

"नेऊन ठेवलेला होता म्हणे. एवढा पवित्र ग्रंथ आपला आपण जिना चढला काय?" रेचलबाईंचा आवाज चढला नव्हता. "मिस्त्रीनं गिरणीची ताडपत्री गुंडाळून डोक्यावरनं नेलान. गुडघाभर पाणी होतं. मायकल आठनऊ वर्षांचा होता, ह्याच्या मागं कंदील घेऊन चालत होता तो. त्याला ठावं नाय?"

महिपतीने ते वाक्य पुन्हा वाचलं. त्याने त्यावर 'सेफेर तोरा' आणि 'पूर' अशा दोन खुणा केल्या होत्या. नेणारा कोण हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"आणि हा फोटो," त्या म्हणाल्या.

फोटो घराच्या ओट्यावर काढलेला होता. आईवडील, हन्नामामी, परकरातल्या रेचलबाई, पुढे डोळे बारीक केलेला मायकल. खाली नावं होती, डावीकडून उजवीकडे.

"गिरणीच्या शेठचा कॅमेरा मागून आणलान. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा. काढणारा फोटोत कसा येणार?" त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं. "पण बघा की. सगळी त्याच्याकडंच बघतायत."

बाहेर रिक्षा गेली. महिपतीने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला. जन्मभरात त्याने लेखकाच्या मजकुरात एक शब्द घातला नव्हता. चुकीचं आहे हे माहीत असलेलंही त्याने समासात प्रश्नचिन्ह काढून सोडून दिलं होतं.

"मी मायकलसाहेबांना कळवणार," तो शेवटी म्हणाला.

"कळवा की. चोरून नकोच."

"ते रागावतील."

रेचलबाईंनी आजच्या वालाचं पातेलं जवळ ओढलं. त्यात सोलायचं काहीच उरलं नव्हतं. पाण्यात हात घालून त्या दाणे नुसते हलवत राहिल्या.

"रागावला तर शुक्रवारचा फोन बंद करील," त्या म्हणाल्या. "आता माझं त्याच्याशिवाय कोण हाय? पण घाला."

महिपतीने पुराच्या वाक्यात 'नेऊन ठेवलेला' या शब्दांवर कर्सर नेला. चौकट उघडली.

"नाव कसं घालू? नुसतं निसीम?"

"निसीम मिस्त्री. तसंच म्हणायचे त्याला."

*

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. खिडकीची जागा मिळाली. पाऊस थांबून गेला होता आणि भाताच्या खाचरांत पाणी उभं होतं, पाण्यात ढग. गाडी इतकी सावकाश चालली होती की ढगच मागे जात आहेत असं वाटत होतं.

निडी आलं. निडी, एकेचाळीस, एकशे शहात्तर. महिपतीला आता कुठलंही नाव त्याच्या पानांशिवाय दिसत नव्हतं. फलाटावर एक बाई भाजीची पाटी घेऊन उभी होती. ती चढली नाही, कोणाची वाट बघत असावी. गाडी सुटली. निडीनंतर निसीम, असं त्याच्या मनात आलं, आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही.

नागोठण्याला अंबा नदी लाल पाण्याने भरून चालली होती. पुलावरून जाताना त्याला वाटलं, ह्या सगळ्याच मुलखाला कोणीतरी खुणा करून ठेवल्या असाव्यात. बांधापुढे एक कंस, खांबापुढे एक, पाण्यात बसलेल्या म्हशीपुढे एक, आणि प्रत्येकात एक नाव. ते दिसत नाहीत. दिसले असते तर जागा पुरली नसती. शेतं लांबत गेली असती, गावं पुढे सरकली असती, आणि पेण कधीच आलं नसतं.

त्याचे डोळे मिटले. कोणीतरी एका चालीत वाचत होतं. खाचर स्वल्पविराम ढग स्वल्पविराम म्हैस. त्याने पेन्सिल शोधायला खिशात हात घातला आणि जागा झाला. कासू मागे गेलं होतं. समोरच्या बाकावर कोणी नव्हतं.

घरी पोचल्यावर त्याने मायकलला फाइल पाठवली. सोबत लिहिलं: सूची तयार आहे, पाहून घ्यावी. 'निसीम मिस्त्री' ही नोंद दोन ठिकाणी मजकुरात नाव नसताना केली आहे. आपल्या भगिनींच्या सांगण्यावरून केली, जबाबदारी माझी. नको असल्यास खुणा पुसाव्यात, मी पुन्हा करणार नाही.

हे त्याने तीनदा वाचलं. मग पाठवलं.

*

मायकलचं उत्तर आलं नाही. छापखान्यातून विचारणा झाली, महिपतीने थांबायला सांगितलं. शुक्रवारी अंधार पडायच्या सुमारास रेचलबाईंचा फोन आला.

"आज फोन नाय आला त्याचा," त्या म्हणाल्या.

"कामात असतील."

"ह्या वयात कसलं काम? मी दिवे लावायची थांबलेय. आता लावते."

"बाई, मी कळवू का त्यांना, की त्या खुणा काढून टाका म्हणून?"

पलीकडून काडी ओढल्याचा आवाज आला.

"नको," रेचलबाई म्हणाल्या. "राहू देत."

महिपती फोन हातात धरून खिडकीपाशी बसून राहिला. टेबलावर नूतनची पट्टी होती. एका बाजूचे आकडे बोटाने पुसून गेले होते, जिथे ती धरायची तिथले. त्याने ती उचलली आणि परत ठेवली. आपण एका म्हाताऱ्या बाईचा एकुलता एक फोन बंद पाडला, असं त्याला वाटत राहिलं.

मंगळवारी फाइल परत आली. सोबत एकच ओळ होती. *सूची पाहिली. छापायला द्या.*

महिपतीने फाइल उघडली. आधी मजकूर ताडून पाहिला. मायकलने एक अक्षर बदललं नव्हतं. पुराच्या पानावर सेफेर तोरा आपला आपणच माडीवर गेलेला होता. फोटोखाली तीच नावं होती. मग त्याने सूची नव्याने काढली आणि 'न' पर्यंत खाली गेला.

निसीम मिस्त्री होता. पण त्याच्यापुढे दोन आकडे असायला हवे होते, तिथे तीन होते.

आपण पुन्हा कंस दिसत ठेवून आकडे काढले असं त्याला वाटलं. पण कंस लपवलेलेच होते. त्याने पुन्हा सूची काढली. तीनच आले. पहिले दोन त्याचे होते. तिसरा पुस्तकाच्या शेवटाकडचा होता, पाचशे एकोणनव्वद. त्याने ते पान वाचलं. हे पान त्याने पूर्वी वाचलं होतं, त्यावर 'ट्रंक' अशी खूणही केली होती आणि पुढे गेला होता. आता त्याने कंस दाखवण्याचं बटण दाबलं. पान लांबलं. तो बघत राहिला. मग त्याने कंस लपवले, लॅपटॉप बंद केला आणि ग्रिलपाशी जाऊन उभा राहिला. समोरच्या घरी गणपतीच्या मूर्तींना पांढऱ्या रंगाचा हात देऊन रांगेने वाळत ठेवलं होतं. डोळे अजून कोणाचेच रेखलेले नव्हते.

रेचलबाईंना त्याने फोनवर काही सांगितलं नाही. रविवारी येतो, सूची शेवटची वाचून घेऊ, एवढंच म्हणाला.

*

"आला फोन," रेचलबाईंनी तो चप्पल काढत असतानाच सांगितलं. "परवा आला. अंधार पडता पडता."

"काय म्हणाले?"

"काय नाय. बीपीची गोळी घेतलीस का. मग म्हणाला, बिरडं केलंवतंस काय सणाला. म्हटलं केलं. म्हणाला, इथं वाल मिळतात पण कडू नसतात." त्यांनी स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "सूचीचं बोलला नाय. मीपण नाय काढलं. काढल्यान काय त्यानं ते?"

"वाचून बघू," महिपती म्हणाला.

त्याने सूचीची छापील प्रत त्यांच्यापुढे ठेवली, स्वतःकडे दुसरी घेतली आणि पिशवीतून लाकडी पट्टी काढली.

"ही ओळीखाली धरा. तुम्ही वाचा, मी बघतो."

रेचलबाईंनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. पुसलेल्या आकड्यांवरून त्यांचा अंगठा फिरला. कोणाची म्हणून त्यांनी विचारलं नाही.

"स्वल्पविरामपण म्हणायचे ना?"

"म्हणा."

त्या वाचू लागल्या. अष्टमीचा पूल स्वल्पविराम. कंदील स्वल्पविराम. सुरुवातीला त्यांना हसू येत होतं, मग आवाजाला चाल लागली. महिपतीची पेन्सिल त्या चालीमागे चालू लागली. बऱ्याच दिवसांनी त्याच्या नजरेने एकही ओळ गाळली नाही. लुगडं आज वाळलं होतं आणि वाऱ्याने हलत होतं. 'क' संपला, 'ग' संपला, दुपार कलली. चहा झाला. 'न' आला.

"निडी स्वल्पविराम एकेचाळीस स्वल्पविराम एकशे शहात्तर." पट्टी खाली सरकली. रेचलबाईंचा आवाज बारीक झाला. "निसीम मिस्त्री. हाय. स्वल्पविराम दोनशे अठरा स्वल्पविराम तीनशे चार." त्या थांबल्या. "स्वल्पविराम."

त्यांनी मान वर केली.

"पाचशे एकोणनव्वद. हे कुठलं? मी दोनच सांगितलेली."

"मी नाही घातलं," महिपती म्हणाला.

त्यांनी गठ्ठा पुढ्यात ओढला. पानं जड झाली होती, सुटत नव्हती. महिपतीने मदत केली नाही. पान सापडल्यावर त्यांनी पट्टी त्याच्यावर ठेवली आणि वाचायला लागल्या. विरामचिन्हं त्यांनी म्हटली नाहीत.

"'सामान असं फार नव्हतंच. एक ट्रंक होती. तिला काथ्याची दोरी बांधलेली होती. रोह्याची एसटी, मुंबईचा विमानतळ, पुढे अश्दोद, कुठेही ती सैल झाली नाही. तिथे पोचल्यावर आम्ही सगळ्यांनी प्रयत्न केला पण गाठ सुटेना. शेवटी मी सुरीने कापली. ती गाठ अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.'"

त्यांनी पान उलटून मागची बाजू पाहिली, परत पुढची पाहिली.

"ह्याच्यात नाव नाय."

"नाही."

"मग आकडा कुठनं आला?"

"कंस आहे. 'गाठ'च्या पुढे. कागदावर दिसत नाही."

रेचलबाईंनी 'गाठ' हा शब्द शोधला आणि त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. मग त्यांनी पडवीतल्या दोरीकडे पाहिलं, ती खांबाला बांधली होती तिथे. काथ्या काळा पडला होता आणि गाठ खांबातूनच फुटून आल्यासारखी वाटत होती.

"मेला सुरी घेऊन बसला," त्या म्हणाल्या. "लहानपणीसुद्धा नाडीची गाठ सोडवायला माझ्याकडंच यायचा."

त्यांनी पदराने डोळे टिपले नाहीत, चष्मा काढून टेबलावर ठेवला एवढंच. महिपती आपल्या प्रतीकडे बघत बसला. मग त्यांनी पान गठ्ठ्यात त्याच्या जागी घातलं, चष्मा लावला आणि पट्टी पुन्हा सूचीवर ठेवली.

"कुठं होतो आपण?"

"पाचशे एकोणनव्वद."

"त्याच्यापुढं काय म्हणू? पूर्णविराम?"

"नाही. सूचीत आकड्यानंतर काही देत नाहीत. तसंच मोकळं सोडतात."

"बरं," रेचलबाई म्हणाल्या आणि त्यांनी पट्टी एक ओळ खाली सरकवली.